मनगटातली तार आणि छातीवरचा टाका

(नांदेड येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लातूरच्या माणसाला नांदेडला बोलायला बोलावलंत, हे धाडसच म्हणायचं. विभागीय आयुक्तालय कुठं व्हावं यावरून आपल्या दोन जिल्ह्यांत किती धुरळा उडाला, ते तुम्हीही विसरला नाहीत आणि आम्हीही नाही. पण एका बाबतीत आपली परिस्थिती सारखीच. छातीत दुखलं की नांदेडकर हैदराबादच्या दिशेला बघतो आणि लातूरकर सोलापूर-पुण्याच्या. गाडी ठरवायची, पैसे गोळा करायचे, आणि वाटेत पाहुण्यांना फोन लावत जायचं. हे आपण दोघांनी पिढ्यान्पिढ्या केलेलं आहे.

संयोजकांनी विषय दिला आहे : बायपास की अँजिओप्लास्टी? मी फिजिशियन. छाती उघडणं माझं काम नाही, मनगटातून तार घालणं हेही माझं काम नाही. मी दोन्हीकडे पेशंट पाठवतो, आणि परत आल्यावर ते माझ्याच समोर बसतात. तेव्हा माझी निष्ठा दोन्ही घरांना थोडी थोडी आहे.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. नाव-गाव काही नको, कारण तो कुठल्याही मोठ्या शहरात रोज घडतो. अहमदपूर किंवा मुखेडकडचे पंचावन्न वर्षांचे गृहस्थ. दहा-बारा वर्षांची शुगर, चालताना दम लागतो, छाती भरून येते. अँजिओग्राफी चालू आहे. बाहेर बाकावर थोरला मुलगा, जावई आणि एक चुलते. दार उघडतं. आतून डॉक्टर येतात, मास्क खाली करतात आणि म्हणतात, "तीन ब्लॉकेज आहेत. एक नव्वद टक्के, एक ऐंशी, एक सत्तर. स्टेंट टाकता येतील. आत्ताच टाकायचे का? पेशंट टेबलावर आहेत." मुलगा चुलत्यांकडं बघतो, चुलते जावयाकडं. जावई पुण्यातल्या मावसभावाला फोन लावतो, कारण तो मेडिकल दुकानात आहे. पाच मिनिटांत सही होते. ज्यांच्या काळजाचा हा विषय आहे ते आत झोपलेले. त्यांच्या बायकोला तर कुणी काहीच विचारलेलं नाही.

या पाच मिनिटांविषयी मला बोलायचं आहे. माझं म्हणणं इतकंच : हार्ट अॅटॅक चालू असेल तर त्या दारात पाच मिनिटंसुद्धा घालवू नका. आणि अॅटॅक चालू नसेल, तर त्या दारात निर्णय घेऊच नका.

थोडा इतिहास सांगतो. थोडाच, कारण इतिहास सुरू केला की मला घड्याळ दिसत नाही.

बायपासची शस्त्रक्रिया ज्याने जगाला रीतसर शिकवली तो रेने फावालोरो अर्जेंटिनाचा. मोठ्या शहरातला नामांकित सर्जन म्हणून त्याने सुरुवात केली नाही. ला पाम्पा नावाच्या कोरड्या मुलखातल्या एका खेड्यात त्याने बारा वर्षं गावडॉक्टर म्हणून काढली. बाळंतपणं केली, गावात रक्तदात्यांची यादी तयार केली, आयाबायांना स्वच्छता शिकवली. मग अमेरिकेत क्लीव्हलँडला गेला आणि मे १९६७ मध्ये पायाची शीर काढून हृदयाच्या बंद धमनीला वळसा घातला. त्याच्या आधी, १९६४ मध्ये, लेनिनग्राडच्या कोलेसोव्हने छातीतलीच एक धमनी हृदयाला जोडली होती; जगानं तिकडं फारसं लक्ष दिलं नाही. ती छातीतली धमनी लक्षात ठेवा, तिच्याकडं मी परत येणार आहे. दुसऱ्या बाजूला आंद्रेआस ग्रुंट्झिग. झुरिकमध्ये घरच्या स्वयंपाकघरात बसून हा माणूस बारीक नळ्यांवर फुगे चिकटवत असे. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्याने एका अडतीस वर्षांच्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत तो फुगा फुगवला. माणूस शुद्धीत होता, छाती उघडलेली नव्हती. पुढं १९८६ मध्ये फुग्याबरोबर जाळीची नळी आत ठेवायची युक्ती निघाली. तोच स्टेंट. आपल्याकडं त्याला लोक स्प्रिंग म्हणतात. भारतात १९७५ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रासला बायपास केली आणि १९८६ मध्ये डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलरिकल यांनी तिथंच अँजिओप्लास्टी केली.

ही सालं मी मुद्दाम सांगतो आहे. नांदेडात उभं राहून हृदयविकारावर बोलायचं आणि इथल्या विचारवंत कुरुंदकर गुरुजींचं नाव घ्यायचं नाही, हे कसं जमेल? १० फेब्रुवारी १९८२. औरंगाबादचं व्यासपीठ. नरहर कुरुंदकर बोलायला बसलेले, आणि तिथंच हृदयविकाराने गेले. वय एकोणपन्नास. पन्नाशीही नाही! तेव्हा ग्रुंट्झिगच्या फुग्याला जेमतेम साडेचार वर्षं झाली होती आणि तो भारतात यायला आणखी चार वर्षं होती. रक्ताची गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज जीव वाचवतं हे इटलीतल्या मोठ्या अभ्यासानं सिद्ध केलं तेही १९८६ मध्ये. म्हणजे १९८२ साली हार्ट अॅटॅक आलेल्या मराठवाड्यातल्या माणसासाठी वैद्यकाच्या पोतडीत काय होतं? ऑक्सिजन, मॉर्फिन, सक्तीची विश्रांती आणि प्रार्थना. बायपास की स्टेंट हा प्रश्नच नव्हता. आज तो आपल्यासमोर आहे, यातच आपलं नशीब मोठं आहे.

आणि एकोणपन्नास हे वय अपवाद समजू नका. २००४ मध्ये बावन्न देशांचा इंटरहार्ट नावाचा अभ्यास आला. त्यात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अॅटॅक येण्याचं सरासरी वय त्रेपन्न निघालं, बाकी जगात एकोणसाठ. सहा वर्षं आधी! त्यात आपली शुगर, आपला तंबाखू-चुना. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. (हसू नका. मलाही सभागृहाच्या बाहेरच्या भिंती दिसल्या.)

आता अॅटॅकचं आधी संपवतो, कारण तिथं वाद नाही. धमनी अचानक पूर्ण बंद झाली, हृदयाचा स्नायू मरू लागला. अशा वेळी तार घालून धमनी उघडणं हा सर्वांत चांगला उपाय, आणि रुग्णालयात पोचल्यापासून नव्वद मिनिटांत फुगा फुगावा अशी अपेक्षा. बायपासची गरज त्या घटकेला क्वचितच पडते. पण किनवटच्या माणसानं काय करायचं? नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या पुढं. त्यानं थेट नांदेडची किंवा हैदराबादची वाट धरली तर अर्धा स्नायू वाटेतच जातो. त्यानं १०८ ला फोन करायचा, जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढायचा. दोन तासांत तार घालण्याची सोय असलेली कॅथलॅब गाठणं शक्य नसेल, तर तिथंच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घ्यायचं, आणि मग पुढं निघायचं. इंजेक्शननंतर तीन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी झाली की पुष्कळ काम होतं. आपल्या भूगोलाला हा मार्ग सर्वांत जवळचा. "तालुक्याला कशाला वेळ घालवायचा, सरळ मोठ्या ठिकाणी नेऊ" या प्रेमापोटी आपण किती माणसं घालवली असतील? आणि त्याच्याही आधी गॅस झालाय म्हणून सोडा पाजण्यात, ओवा चावण्यात जातात ते दोन तास वेगळेच.

पण अॅटॅक नसेल तर? इथं आपला खरा गोंधळ आहे.

लातूरला टक्केवारीचं वेड जुनं आहे. बोर्डाचे टक्के आम्ही जसे मिरवतो तसे ब्लॉकेजचेही मिरवतो. "माझे नव्वद आहेत," "आमच्या भाऊजींचे पंच्याण्णव होते." या आकड्याची इतकी भीती बसली आहे की नव्वद ऐकलं की माणूस सही करतो. आता सांगतो ते नीट ऐका. चालल्यावर दुखतं, थांबल्यावर थांबतं, असं स्थिर दुखणं असेल, तर तिथं स्टेंट टाकल्यानं आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. २००७ मध्ये करेज नावाच्या अभ्यासानं हे दाखवलं, २०२० मध्ये इस्केमिया नावाच्या ५,१७९ रुग्णांच्या अभ्यासानं परत दाखवलं. गोळ्यांवर ठेवलेले आणि तातडीनं स्टेंट वा बायपास केलेले, दोन्ही गटांत मृत्यूंमध्ये फरक नव्हता. फरक पडला तो दुखण्यात. ज्यांना वारंवार दुखत होतं त्यांना प्रक्रियेनंतर जास्त बरं वाटलं. ते काही कमी नाही. शेतात चढ चढताना दर पन्नास पावलांवर थांबावं लागणाऱ्याला विचारा.

मात्र त्या दोन्ही अभ्यासांत हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीचा मोठा आजार असलेले आणि हृदय फार कमकुवत झालेले रुग्ण घेतलेच नव्हते. म्हणजे हा निष्कर्ष त्यांना लागू नाही. घरी जाऊन "डॉक्टर म्हणाले ब्लॉकेजला काही करायचं नसतं" असं सांगू नका. मी तसं म्हणालो नाही.

नव्वद टक्के अरुंद झालेली जागा म्हणजे उद्याचा अॅटॅक, हेही खरं नाही. पुष्कळ अॅटॅक चाळीस-पन्नास टक्क्यांच्या थरातून येतात. वरचं पापुद्र्यासारखं आवरण फाटतं आणि तिथं गुठळी धरते. म्हणूनच कोलेस्टेरॉलच्या गोळीला मी स्टेंटच्या वर बसवतो. ती सगळ्या धमन्यांवर काम करते, स्टेंट फक्त एका जागेवर.

या "एका जागेवर" शब्दांपाशी थांबू, कारण बायपास आणि स्टेंट यांतला मूळ फरक तिथंच आहे.

तुमच्यातले अर्धे लोक शेतकरी आहेत, ठिबक सगळ्यांच्या ओळखीचं आहे. नळीत क्षार साचतात. तुम्ही एक जागा टाचणीनं मोकळी करता, पाणी येतं. पुढच्या हंगामात तीच नळी दुसरीकडं चोंदते. दुसरा उपाय म्हणजे मुख्य लाइनवरून नवी नळी काढायची आणि चोंदलेल्या भागाच्या बऱ्याच पुढं नेऊन जोडायची. मग मधल्या भागात आज एक गाठ असो की उद्या आणखी तीन होवोत, शेवटच्या झाडाला पाणी मिळतं. स्टेंट आजची गाठ मोकळी करतो. बायपास आजच्या गाठीलाही ओलांडतो आणि पुढं होणाऱ्या गाठींनाही.

आणि जुन्या शुगरवाल्याच्या धमन्यांत गाठी लांबवर, जागोजागी असतात. मग त्याला काय जास्त लागू पडावं? हाच प्रश्न २०१२ मध्ये फ्रीडम नावाच्या अभ्यासानं विचारला. १,९०० रुग्ण, सगळे मधुमेही, सगळ्यांच्या एकापेक्षा जास्त धमन्या आजारी. पाच वर्षांत स्टेंटवाल्यांपैकी १६.३ टक्के गेले, बायपासवाल्यांपैकी १०.९ टक्के. शंभरात पाच जीवांचा फरक. वैद्यकात इतका फरक दिसला की आम्ही खुर्चीवर सरळ बसतो. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा लपवायचा नाही : अर्धांगवायूचा झटका बायपासवाल्यांत ५.२ टक्के, स्टेंटवाल्यांत २.४. दुपटीहून जास्त.

मघाचे अहमदपूरकडचे गृहस्थ आठवा. शुगर दहा-बारा वर्षांची, ब्लॉकेज तीन. त्यांच्या मुलानं पाच मिनिटांत कशावर सही केली, ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल. स्टेंट चुकीचाच होता असं मी म्हणत नाही. पण कुणी तरी त्यांना "आधी टेबलावरून खाली उतरवू, अँजिओग्राफीची सीडी सर्जनला दाखवू" असं म्हणायला हवं होतं, आणि ते कुणी म्हणालं नाही.

बायपास टिकते कशामुळं? मघाशी लक्षात ठेवा म्हणालो ती छातीतली धमनी. बरगड्यांच्या आतून खाली उतरणारी. ती हृदयाच्या समोरच्या मोठ्या धमनीला जोडली तर दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्णांत उघडी असते. पायाच्या शिरेचं तसं नाही; दहा वर्षांत जवळपास निम्म्या शिरा बंद पडतात किंवा खराब होतात. म्हणून सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा : "छातीतली धमनी जोडणार ना?" सर्जन रागावणार नाही. उलट खूश होईल.

स्टेंटची बाजूही मांडतो, नाही तर तारवाले मित्र माझा चहा बंद करतील. फ्रीडममधले स्टेंट पहिल्या पिढीचे होते. आजचे पातळ आहेत, औषध चांगलं आहे, काम मनगटातून होतं. फेम-३ नावाच्या १,५०० रुग्णांच्या अभ्यासात एका वर्षाला बायपास पुढं होती. पाच वर्षांनी मृत्यू, अर्धांगवायू आणि अॅटॅक एकत्र मोजले तेव्हा दोन्हींत ठळक फरक उरला नाही. मात्र नंतरचा अॅटॅक आणि पुन्हा प्रक्रिया करावी लागणं स्टेंटवाल्यांत जास्तच. एखाद-दुसरी जागा अरुंद, शुगर नाही, डावी मुख्य धमनी मोकळी, तर छाती उघडायची काय गरज? तिथं स्टेंटच. सिंटॅक्स नावाच्या अभ्यासातले रुग्ण दहा वर्षांनी पाहिले तेव्हा तिन्ही धमन्या आजारी असणाऱ्यांत स्टेंटवाले २८ टक्के गेले होते, बायपासवाले २१. पण डाव्या मुख्य धमनीच्या आजारात २६ आणि २८, म्हणजे जवळपास बरोबरी. तेव्हा "बायपास श्रेष्ठ" किंवा "स्टेंट श्रेष्ठ" असं बोर्डावर लिहून टाकता येत नाही. कुणाचं हृदय, कुठली धमनी, किती शुगर, हे बघावंच लागतं.

एकाच माणसाला दोन्ही लागू शकतात, हेही सांगतो. डॉ. मनमोहन सिंग यांची १९९० मध्ये बायपास झाली. पुढं स्टेंट पडला. मग जानेवारी २००९ मध्ये, पंतप्रधान असताना, एम्समध्ये डॉ. रमाकांत पांडा यांच्या चमूनं पुन्हा बायपास केली. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होते.

आता आपल्याकडचं बोलू. अभ्यास न्यूयॉर्कला होतो, निर्णय नायगावच्या माणसाला घ्यायचा असतो. त्याचा पहिला प्रश्न मृत्यूचा नसतो. तो विचारतो, "पेरणीपर्यंत उभा राहीन का?" स्टेंटवाला दोन-तीन दिवसांत घरी येतो. बायपासवाल्याच्या छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, जड उचलणं त्याहून जास्त काळ बंद. मृगाच्या तोंडावर हे ऐकणाऱ्या माणसाला पाच वर्षांनंतरचे पाच टक्के दिसत नाहीत. त्याला मी अडाणी म्हणणार नाही. तो त्याचा हिशेब आहे आणि तो हिशेब टेबलावर मांडला गेला पाहिजे. बायपास मे महिन्यात करायची की दिवाळीनंतर, हे स्थिर दुखण्यात पुष्कळदा ठरवता येतं, पण ते डॉक्टरांना विचारून. डाव्या मुख्य धमनीत अडचण असेल तर थांबायचं नसतं.

दुसरी गोष्ट, कॅथलॅब आणि बायपासचा विभाग एका वेगानं उभे राहत नाहीत. कॅथलॅबला यंत्र, एक-दोन तज्ज्ञ आणि तयार तंत्रज्ञ पुरतात. बायपासला सर्जन हवा, हृदयाच्या शस्त्रक्रियेतला भूलतज्ज्ञ हवा, हार्ट-लंग मशीन चालवणारा हवा, रात्रभर जागणाऱ्या तयार परिचारिका हव्यात, रक्तपेढी हवी. आणि हे सगळं नियमित चालू हवं, कारण महिन्यात दोन शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूचा हात बसत नाही. त्यामुळं जवळ तार असते आणि टाका दूर. मग जे जवळ असतं तेच योग्य वाटू लागतं. यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. पण निर्णय हृदयानं घेतलेला नसतो, अंतरानं घेतलेला असतो.

पैशाचंही तसंच, आणि इथं दोन गोष्टी खरोखर चांगल्या झाल्या. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात नांदेड होतं. लातूरला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. (हो, हो, वाजवा टाळ्या.) आता ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तिच्यात अँजिओप्लास्टीही बसते आणि बायपासही. दुसरी गोष्ट, फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं स्टेंटच्या किमतीला लगाम घातला. औषध लावलेला जो स्टेंट लाखाच्या पुढं विकला जात होता, त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये झाली. ती पुढं थोडी खाली-वर होत राहिली.

योजनेची मंजुरी यायला वेळ लागतो म्हणून आपण चिडतो. तातडीच्या रुग्णासाठी फोनवर कळवून काम सुरू करायची सोय आहे, आणि ती असायलाच हवी. पण तातडी नसलेल्या माणसाच्या बाबतीत, मंजुरी येईपर्यंतचा तो वेळ मला देवाची कृपा वाटतो. त्या वेळात सीडी दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येते. बायकोशी बोलता येतं. दारातली पाच मिनिटं दोन दिवसांची होतात. अँजिओग्राफी आज मोबाइलवर जाते. नांदेडच्या कॅथलॅबमधून निघालेली चित्रं संध्याकाळी पुण्याच्या सर्जनला दिसू शकतात. तारवाला आणि सर्जन यांनी मिळून असं ठरवण्याला परदेशात हार्ट टीम म्हणतात, तिथं तो नियमच आहे. आपण निदान सवय तरी लावावी.

गोळ्यांचं दोन वाक्यांत. स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या स्थिर रुग्णाला साधारण सहा महिने, अॅटॅकवाल्याला वर्षभर. "आता बरं वाटतंय" म्हणून किंवा दात काढायचा म्हणून त्या परस्पर बंद केल्या तर तोच स्टेंट गुठळीनं भरतो, आणि तो अॅटॅक पहिल्यापेक्षा वाईट असतो.

मघापासून चिठ्ठ्या येताहेत. एक वाचतो. "वडील ७८ वर्षांचे. शुगर, किडनी थोडी खराब, तीन ब्लॉकेज. हैदराबादला बायपास सांगितली, इथं स्टेंट सांगितला. काय करावं?"

नुसत्या वयानं बायपास नाकारायची नाही. चांगल्या ठिकाणी शंभरात एक-दोन मृत्यूंचा धोका म्हणतात, तो तुलनेनं तरुण आणि धडधाकट रुग्णाचा. अठ्ठ्याहत्तर, शुगर आणि किडनी मिळून तो वाढतो. किती वाढतो ते सर्जनकडून आकड्यात लिहून घ्या. किडनीला अँजिओप्लास्टीतला डायही सोसत नाही, तेव्हा तीन स्टेंट एका बैठकीत नकोत. ज्या धमनीमुळं दुखतं ती एकच मोकळी करून बाकी गोळ्यांवर ठेवणं, हा तिसरा मार्ग आहे, आणि तो तुम्हाला कुणीच सांगितलेला दिसत नाही. वडील स्वतः चालत बाजारात जातात का, का खाटेवरच असतात? विसरतात का? आणि तुमच्या चिठ्ठीत हैदराबादचं मत आहे, नांदेडचं मत आहे. वडिलांचं काय म्हणणं आहे? ते सभागृहात असतील तर त्यांनाच पुढं पाठवा, मी खाली उतरून बसतो त्यांच्याशेजारी.